क्रूझवरचा वरखर्च कोणत्या कार्डाने? आधी अडकणारे पैसे कुणाचे ते बघा

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमळनेरहून तुम्ही दोघं आणि तुमचे व्याही-विहीणबाई असे चौघं सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझला निघालात. वाटेत पिनांग आणि फुकेत. तिकिटाचे पैसे मुलाने पुण्याहून भरलेत. आता बोटीवर जो वरखर्च होईल तो कशाने द्यायचा? तुमच्याकडे पेन्शनच्या खात्याचं डेबिट कार्ड आहे, मुलगा म्हणतो माझं क्रेडिट कार्ड घेऊन जा, व्याही म्हणतात फॉरेक्स कार्ड (परदेशी चलन आधी भरून ठेवायचं कार्ड) काढू, आणि मॅडमना वाटतं रोख डॉलर नेले की विषय संपला.

चौघांचंही थोडंथोडं बरोबर आहे. फक्त पेन्शनच्या खात्याचं डेबिट कार्ड बोटीच्या काउंटरवर देऊ नका. पुढचं वाचायचा कंटाळा आला तरी एवढं पाळा.

मी जळगावहून अठरा-वीस वर्षं सहली काढतो. सुरुवात अष्टविनायक आणि चारधामपासून केली, क्रूझ बरीच नंतर आली. आपल्याकडचे लोक पैशाबाबत काटेकोर. सोनं घेताना घडणावळीवर अर्धा तास बोलतील. तेच लोक बोटीच्या चेक-इनला पोचले की खिशात हात घालतात आणि जे कार्ड हाताला लागेल ते पुढे करतात. मागे दोनशे लोकांची रांग, पुढची मुलगी भराभरा इंग्रजी बोलतेय, मग काय होणार?

आधी बोटीवरचा व्यवहार समजून घ्या. गावात किराणा दुकानात वही असते ना, तसंच. चेक-इनला प्रत्येकाला एक कार्ड मिळतं. तेच केबिनची किल्ली, तेच बोटीत चढा-उतरायचा पास आणि तेच उधारीचं खातं. कॉफी घेतली, कार्ड दाखवलं. फोटो विकत घेतला, कार्ड दाखवलं. रोकड कुठेच चालत नाही, कॅसिनो सोडला तर. सगळं तुमच्या केबिनच्या खात्यावर चढतं आणि शेवटच्या रात्री हिशेब होतो. फरक एवढाच की किराणावाला तोंड बघून उधार देतो, बोट तोंड बघत नाही. ती चढतानाच तारण मागते, म्हणजे एक तर कार्ड, नाही तर रोख अनामत.

आता मुख्य गोष्ट. कार्ड दिलं की बोट लगेच पैसे घेत नाही. ती आधी पैसे अडवते. बँकेच्या भाषेत होल्ड किंवा ब्लॉक. बऱ्याच कंपन्या सुरुवातीला एक रक्कम अडवतात आणि रोजच्या खर्चाप्रमाणे त्यात भर घालत जातात. प्रवास संपल्यावर खरं बिल वेगळं कापलं जातं आणि अडवलेली रक्कम बँक सावकाश मोकळी करते. कधी तीन दिवसांत, कधी दहा, कधी त्याहून जास्त. क्रेडिट कार्ड असेल तर या काळात तुमच्या मर्यादेतला थोडा भाग वापरता येत नाही, इतकंच. डेबिट कार्ड असेल तर तुमच्या खात्यातले खरे पैसे दिसतात पण हाताला लागत नाहीत.

२०१९ मध्ये माझ्याबरोबर पारोळ्याकडचे एक आप्पा होते. कपाशीचे पैसे नुकतेच खात्यात आलेले, त्याच खात्याचं डेबिट कार्ड त्यांनी काउंटरवर दिलं. मी मागे सामानाच्या टॅगांत अडकलो होतो, बघितलंच नाही. चूक माझी. आप्पांचा खर्च फारसा नव्हता, पण नातवासाठी खेळणी, फोटो, एकदा मसाज असं करत बऱ्यापैकी बिल झालं. परत आलो तर खात्यात बोटीचं बिल कापलेलं आणि तेवढीच आणखी रक्कम अडकलेली. त्यातच ट्रॅक्टरच्या हप्त्याची तारीख आली. हप्ता परत गेला, बँकेने दंड लावला. आप्पा सकाळी साडेसातला माझ्या दारात: "भाऊ, मना पैसा कथा गयात?" पैसे कुठेच गेले नव्हते. बाराव्या दिवशी आपोआप मोकळे झाले. पण दंड आणि मनस्ताप परत येत नाही. तुमच्या पेन्शनच्या खात्यातून औषधं, वीजबिल, एखादी पॉलिसी जात असेलच.

म्हणून माझा पहिला प्रश्न 'कोणतं कार्ड स्वस्त' हा नसतोच. अडकणारे पैसे कुणाचे, हे मी आधी बघतो. ते बँकेचे अडकू देत. म्हणजेच बोटीच्या खात्याला क्रेडिट कार्ड.

पण मुलाचं कार्ड नुसतं खिशात घालून जाऊ नका. कार्डावर नाव त्याचं, प्रवास करणार तुम्ही. काही कंपन्या कार्डधारकाने आधी फॉर्म भरून दिला तर चालवून घेतात, काही काउंटरवर कार्डधारकालाच उभं राहायला सांगतात. आणि बँकेच्या नियमातही कार्ड दुसऱ्याला वापरायला देणं बसत नाही. त्यापेक्षा मुलाला त्याच्या कार्डावर तुमच्या नावाचं ॲड-ऑन कार्ड काढायला सांगा. नाव तुमचं छापून येतं, मर्यादा त्याच्या कार्डातलीच, बिल त्याच्याकडे जातं. तोटा म्हणाल तर एकच: प्रत्येक खर्चाचा मेसेज त्याच्या मोबाइलवर वाजेल. कॅसिनोत दहा डॉलर घातलेत तर पुण्यात कळेल.

मुलावर भार नको असेल तर मुदत ठेवीवर मिळणारं क्रेडिट कार्ड हा निवृत्त माणसासाठी सरळ मार्ग आहे. पगाराची स्लिप मागत नाहीत, ठेवीच्या प्रमाणात मर्यादा मिळते, ठेवीवर व्याज चालूच राहतं. निघण्याच्या महिनाभर आधी अर्ज करा, म्हणजे कार्ड हातात येऊन एकदा अमळनेरच्या पेट्रोल पंपावर वापरूनही होतं. नवं कोरं कार्ड थेट सिंगापूरला पहिल्यांदा वापरणं मला आवडत नाही.

कार्ड कुठलंही असो, पुढची तयारी घरीच करायची. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवं कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी सुरू होऊन येतं. परदेशातला वापर तुम्ही स्वतः बँकेच्या ॲपमध्ये किंवा शाखेत जाऊन सुरू करावा लागतो. हे बहुतेकांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते त्याच्या खालचं खोकं: परदेशी व्यवहाराची मर्यादा. तिथे बरेचदा दहा-वीस हजार असा आकडा बसलेला असतो. रोज थोडाथोडा खर्च होतो म्हणून चालून जाईल असं वाटतं, पण बोट शेवटी सगळं बिल एका फटक्यात कापते. छत्तीस हजारांचं बिल दहा हजारांच्या मर्यादेतून जाणार नाही. मग रात्री अकराला केबिनचा फोन वाजतो, 'तुमचं कार्ड नाकारलं गेलंय, काउंटरवर या.' आणि तेव्हा मर्यादा वाढवायला जाल तर समुद्रात ना नेटवर्क, ना ओटीपी. बोटीचं वायफाय विकत घेतलं तर ॲप उघडेल, पण ओटीपी येतो सिमवर, आणि सिम तर तुम्ही बंद ठेवलेलं असणार. ठेवायलाच हवं, खोल समुद्रात फोनने बोटीचं मोबाइल नेटवर्क पकडलं तर त्याचं बिल क्रूझच्या बिलाशी स्पर्धा करतं. चढलात की फोन विमान मोडवर.

तेव्हा घरी बसून कंपनीच्या ॲपमध्ये चेक-इन करा, कार्ड तिथेच जोडा, ओटीपी टाका. मागची थकबाकी भरून मर्यादा मोकळी करून ठेवा, कारण होल्डही मर्यादेतच मोजला जातो. कार्डाचा चार आकडी पिन पाठ करा. आणि रुपे कार्ड असेल तर ते परदेशात चालणारं आहे का हे शाखेत विचारा. आपल्याकडे पीक कर्जाची आणि साध्या बचत खात्याची जी रुपे कार्डं असतात, त्यातली पुष्कळशी फक्त देशातली असतात. फोनवरच्या यूपीआयचा तर बोटीवर विचारच सोडा. सिंगापूर शहरात काही दुकानांत ते चालतं म्हणून परदेशी कंपनीच्या बोटीवरही चालेल, असं गृहीत धरून कुणी निघू नये.

आता स्वस्त-महागाचा हिशेब, ज्यावर व्याह्यांचा जोर आहे. भारतीय क्रेडिट कार्ड परदेशी चलनात वापरलं की बँक मार्कअप, म्हणजे वरचं शुल्क, लावते, साधारण दोन ते साडेतीन टक्के, आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. समजा चार रात्रींचं दोघांचं बिल ४०० डॉलर झालं आणि डॉलर सोयीसाठी ९० रुपये धरला, तर बिल ३६,००० रुपये. साडेतीन टक्के म्हणजे १,२६० आणि त्यावरचा जीएसटी २२७, एकूण जवळपास १,४८७ रुपये. दोन टक्केवालं कार्ड असेल तर ८५० रुपये. फरक साडेसहाशेच्या आत. दोन माणसांच्या शेवभाजीच्या जेवणाइतका. त्यासाठी झोप घालवू नका.

खरा चटका दुसरीकडे बसतो. काउंटरवर किंवा ॲपमध्ये विचारतात, 'बिल तुमच्या रुपयांत करू का?' ऐकायला किती सोयीचं! पण तो दर बोटीने किंवा तिच्या कार्ड कंपनीने ठरवलेला असतो, बँकेचा नसतो, आणि त्यात तीन-पाच टक्के सहज मुरलेले असतात. वर काही बँका परदेशात रुपयांत झालेल्या व्यवहारावरही शुल्क लावतात. काही ठिकाणी तर विचारतही नाहीत, चेक-इनच्या अटींतच ती खूण आधी केलेली असते. म्हणून पहिल्याच दिवशी काउंटरवर सांगा: बिल बोटीच्या चलनात हवं, रुपयांत नको.

बोटीचं चलन कुठलं, हेही बघून ठेवा. अमेरिकी कंपन्यांचा हिशेब बहुधा अमेरिकन डॉलरमध्ये, बोट सिंगापूरहून सुटत असली तरी. जेंटिंग ड्रीम या बोटीवर बहुधा सिंगापूर डॉलर. भूमध्य समुद्रात एमएससी किंवा कोस्टा या कंपन्यांच्या बोटींवर युरो. मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलियावर रुपये. तिथे या लेखातलं निम्मं लागूच नाही.

फॉरेक्स कार्डाला मी नाव ठेवत नाही. दर भरतानाच ठरतो, हे त्याचं सुख. पण ते प्रीपेड आहे, म्हणजे होल्ड लागला की डेबिट कार्डासारखेच तुमचे पैसे अडकतात. २०० डॉलर बोटीने अडवले तर फुकेतला उतरल्यावर कार्डात ते २०० नाहीत असंच समजायचं. म्हणून फॉरेक्स कार्ड तारण म्हणून देऊ नका, खाली उतरल्यावर वापरा. किंवा चेक-इनला क्रेडिट कार्ड द्या आणि शेवटच्या संध्याकाळी काउंटरवर जाऊन बिल फॉरेक्स कार्डाने चुकतं करा. बहुतेक बोटींवर हे करता येतं. त्यात चलन मात्र योग्य भरा. कार्डात अमेरिकन डॉलर आणि खर्च थायलंडच्या बाथमध्ये, तर मधल्या अदलाबदलीचं शुल्क बसतं.

कराबद्दल दोन वाक्यं, कारण व्याह्यांनी विचारलंय. फॉरेक्स कार्डात भरलेले आणि डेबिट कार्डाने परदेशात खर्चलेले पैसे रिझर्व्ह बँकेच्या वर्षाला अडीच लाख डॉलरच्या योजनेत मोजले जातात, परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेला खर्च जून २०२३ मध्ये सरकारने त्यातून बाहेरच ठेवला. एप्रिल २०२५ पासून अशा पाठवलेल्या पैशांवर टीसीएस (पैसे देतानाच गोळा होणारा कर) लागायची मर्यादा दहा लाख रुपये आहे, तुमचा वरखर्च तिच्या जवळपासही जात नाही.

मॅडमचा रोखीचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. रोख अनामत ठेवता येते. अनामत म्हणजे मोबाइलचा रिचार्ज: जेवढे भरले तेवढं खातं चालतं, संपले की कार्ड 'नाही' म्हणतं, मग पुन्हा रांगेत उभं राहून भरायचं. उरलेले शेवटच्या रात्री परत मिळतात. होल्ड नाही, मार्कअप नाही, घरी आल्यावर धक्का नाही. एक जोडपं मी ओळखतो, दर वेळी रोखच ठेवतं आणि मजेत असतं. पण रोजची सेवा रक्कम, म्हणजे बोटीवरच्या नोकरांसाठी आपोआप लागणारी टीप, तीही त्या अनामतीतूनच जाते, हे विसरलात तर तिसऱ्या दिवशी खातं रिकामं. आणि बोटीचं चलनच लागतं, रुपयाची नोट तिथे कागद.

डॉलरच्या नोटा एका प्रवासाला ३,००० पर्यंत नेता येतात. त्या घेताना ५०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने देता येत नाही, बँकेतूनच द्यावी लागते. कपाशी-केळीचे पैसे रोखीत आले म्हणून पिशवी घेऊन डॉलर घ्यायला जाणारे मी बघितलेत. परत पाठवतात. मी चौघांमागे तीनशे-चारशे डॉलर रोख पुरे म्हणेन, तेही लहान नोटांत. पिनांगची सायकलरिक्षा, फुकेतच्या बाजारातलं शहाळं, तिथला टॅक्सीवाला हे कार्डाचे धंदे नव्हेत. तिथे मलेशियाचे रिंगिट आणि थायलंडचे बाथ लागतात, ते या डॉलरमधून बदलून घ्या. बोटीवरच्या एटीएमला हात लावू नका, त्याचं शुल्क झोंबतं. आणि क्रेडिट कार्डाने रोकड तर कुठेच काढू नका, त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चढतं.

बिलात काय काय येतं याची कल्पना असली की आकडा बघून छातीत धस्स होत नाही. सगळ्यात मोठी ओळ बहुधा सेवा रकमेची असते. अमेरिकी कंपन्या माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर आपोआप लावतात, लहान मुलांनाही. १८ धरले तर तुम्हा दोघांचे चार दिवसांचे १४४ डॉलर, म्हणजे तेरा हजारांच्या आसपास. काही तिकिटांत ती आधीच भरलेली असते, मुलाला पावती बघायला सांगा. ती काउंटरवर जाऊन कमी करून घेता येते असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. घेता येते. मी माझ्या लोकांना करू देत नाही. तुमची चादर बदलणारा पोरगा घरापासून आठ-नऊ महिने लांब असतो आणि त्याच्या कमाईचा मोठा भाग हाच असतो.

सरबत, कॉफी, दारू, जे काही वेगळं मागवाल त्यावर बहुतेक ठिकाणी १८ ते २० टक्के टीप आधीच जोडलेली असते. तरीही सही करायच्या स्लिपवर एक मोकळी ओळ असते, जास्तीची टीप लिहायला. तिथे लोक फसतात. खालचा छापील आकडा एकदा वाचा, मोकळ्या ओळीवर आडवी रेघ मारा, मग सही. वायफाय, किनाऱ्यावरची सहल, खास हॉटेलातलं जेवण हे घेणारच असाल तर निघण्याआधी ॲपवर घ्या. बोटीवरच्यापेक्षा बरेचदा स्वस्त पडतं आणि ते पैसे बिलात येत नाहीत.

तिकिटाबरोबर एजंटाने ऑनबोर्ड क्रेडिट, म्हणजे बोटीवरच खर्चायची रक्कम, दिलं असेल तर ते आधी खर्च होतं. ते बहुधा परत मिळत नाही, म्हणून शेवटच्या रात्रीपर्यंत संपवून टाका. कॅसिनोत मात्र केबिनच्या खात्यावर पैसे उचलू नका, वर टक्केवारी लावतात.

राहिला तुम्ही न विचारलेला प्रश्न: चौघांचं खातं एक की दोन? दोन केबिन, दोन खाती, दोन कार्डं. यात मी ऐकून घेत नाही. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे, तुम्ही म्हणाल, व्याह्यांकडून काय पैसे घ्यायचे, लावा आमच्या कार्डावर. मग त्यांना कॉफी मागवायचा संकोच, तुम्हाला बिल दाखवायचा संकोच, आणि घरी आल्यावर मुलगी-जावई मध्ये. खाती वेगळी ठेवा आणि एका संध्याकाळी तुमच्या कार्डावर चौघांना आइस्क्रीम द्या. एका केबिनमधल्या दोघांची मात्र दोन्ही कार्डं एकाच खात्याला जोडा. पुढे कधी नातवंडं बरोबर आलीच तर त्यांच्या कार्डावरची खर्चाची मुभा पहिल्याच दिवशी काउंटरवर बंद करून घ्या. खेळाच्या मशीनवर पोरगं कार्ड टेकवत बसतं, आणि तेही कॉफीसारखंच खात्यावर चढतं.

रोज जेवणानंतर केबिनच्या टीव्हीवर किंवा ॲपमध्ये खातं उघडून पाच मिनिटं बघा. मी प्रत्येक केबिनला एक खाकी पाकीट देतो, स्लिपा त्यात टाकायच्या. एकदा भुसावळच्या एका ताईंच्या खात्यावर स्पाचे ११९ डॉलर चढले होते. त्या स्पाच्या मजल्यावर फिरकल्याही नव्हत्या. शेजारच्या केबिनचा एक आकडा चुकून यांचा पडला होता. शेवटच्या आदल्या रात्री आम्ही पाकीट घेऊन गेलो, पाच मिनिटांत रक्कम उतरली. तेच शेवटच्या सकाळी गेलो असतो तर रांग जिन्यापर्यंत होती, आणि खाली बस उभी.

बोटीतून उतरताना सही वगैरे काही नाही, बिल आपोआप कार्डावर पडतं. बिलाची पीडीएफ ईमेलवर येते. येत नसेल तर छापील प्रत मागून घ्या. घरी आल्यावर आठवडाभर स्टेटमेंटमध्ये एकच खर्च दोनदा दिसेल, एक अडवलेला, एक खरा. लगेच बँकेत भांडायला जाऊ नका. दहा-बारा दिवसांनीही अडवलेला गेला नाही, तर ती पीडीएफ घेऊन जा आणि होल्ड सोडायला सांगा.

व्याह्यांकडे क्रेडिट कार्ड आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर त्यांनी रोख अनामत ठेवावी, खाली उतरल्यावर वापरायला ते फॉरेक्स कार्ड काढणारच आहेत. आणि ॲड-ऑन कार्डाचा फॉर्म मुलाला आज रात्रीच भरायला सांगा, कुरिअरने अमळनेरला यायला दिवस लागतात.